'हिंदू धर्माचा उगम आणि विकास': यातला कोणता शब्द चुकला?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. एका जागी अडले आहे, मदत हवी आहे.

पुण्यातलं एक छोटं संग्रहालय नवीन दालन मांडतंय. भिंतीवरच्या फलकांचा मराठी मजकूर माझ्याकडे आहे. आतले दहा फलक झाले. यज्ञ, उपनिषदं, पुराणं, भक्ती, सगळं मनासारखं उतरलं. राहिलाय तो दारावरचा. इंग्रजीत 'ओरिजिन्स अँड डेव्हलपमेंट ऑफ हिंदूइझम' असं आहे. मी लिहिलं, 'हिंदू धर्माचा उगम आणि विकास'. तपासून परत आला तेव्हा तिन्ही शब्दांभोवती लाल गोल. 'उगम'खाली शेरा: "इंग्रजीत अनेकवचन आहे. शिवाय जे सनातन आहे त्याला उगम कसा?" 'विकास'खाली: "म्हणजे आधी अविकसित होता?" 'हिंदू धर्म'पाशी नुसतंच प्रश्नचिन्ह.

दारावरची अक्षरं पितळेच्या पत्र्यातून कापून सागवानी पट्टीवर ठोकायची आहेत. पट्टीत जेमतेम वीस अक्षरं बसतात आणि एकदा कापली की झालं. कारागीर सोमवारी मजकूर मागतोय. मला 'उगम' अजूनही बरोबर वाटतो, पण शेरा वाचल्यापासून माझ्याच कानाची मला खात्री वाटेना. तुम्ही काय लिहिलं असतं?

जुना वाचक

'विकास'वरचा आक्षेप मला मान्य नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या ग्रंथाचं नावच 'वैदिक संस्कृतीचा विकास'. ग्रंथ १९५१चा, आणि १९५५ साली साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार त्यालाच मिळाला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या माणसाने शब्द तोलूनच वापरला असणार. वि अधिक कस्, म्हणजे उमलणं. कळीला कोणी मागास म्हणत नाही. ताई, 'विकास' ठेवा आणि शेरा परत पाठवा.

प्रभात रोड

जुना वाचक, १९५१चा कान आणि आजचा कान एक नाही. आज पुण्यात 'विकास' म्हटलं की विकास आराखडा, विकसक आणि पुनर्विकास. आमच्या सोसायटीत दोन वर्षं हा शब्द रोज ऐकतोय, त्यातलं उमलणं कुणालाच ऐकू येत नाही. दालनात शाळेची मुलं येणार. त्यांना शब्द आज जसा कळतो तसाच लिहायला हवा. मी 'उत्क्रांती' सुचवतो.

पाठशाळा

'उत्क्रांती' कृपा करून नको. विज्ञानाच्या पुस्तकात रुळला आहे, तिथे राहू दे. संस्कृतात उत्क्रान्ति म्हणजे जीवाने देह सोडून निघून जाणे. ब्रह्मसूत्रात 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्' असे सूत्रच आहे. ज्या परंपरेचे दालन आहे त्याच परंपरेच्या शास्त्रात या शब्दाचा अर्थ प्राण जाणे असा होतो. दारावर 'हिंदू धर्माची उत्क्रांती' लिहिले तर एखाद्या वृद्ध वैदिकाला काय वाचायला मिळेल याचा विचार करा.

आता 'उगम'. तपासणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. 'सनातन' हा 'सना' या अव्ययापासून आला, सना म्हणजे सदैव. सदैव असलेल्याला आरंभ नसतो. मात्र ते प्रकट होते. त्याला नेमका शब्द आहे 'प्रादुर्भाव'. प्रादुः म्हणजे डोळ्यांसमोर, उघड. मुळात होतेच, ते दिसू लागले. ताईंची अडचण या एका शब्दाने सुटते.

नदीकाठची

गुरुजी, शब्दाचा अर्थ अगदी नेमका आहे, मान्य. पण महापालिकेच्या प्रत्येक पावसाळी सूचनेत 'डेंग्यूचा प्रादुर्भाव' असतो. पिकावर लष्करी अळीचा प्रादुर्भाव होतो. मराठीत हा शब्द आता रोगाखेरीज कुठेच ऐकू येत नाही. पितळेत कापून दारावर लावायचं धाडस माझ्याच्याने होणार नाही.

पाठशाळा

लोकांनी शब्द बिघडवला म्हणून आपण सोडून द्यायचा? असे एकेक करत सगळेच सुटतील. मी चाळीस वर्षे संस्कृत शिकवले. दरवर्षी एखाद्या शब्दाचा अर्थ मुलांना पुन्हा सरळ करून द्यावा लागे, आणि मुले तो घेत असत.

प्रभात रोड

शब्द बिघडत नाहीत सर, ते राहायची जागा बदलतात. तुमच्या वर्गात मुलं सरळ करून घेत असतील, पण दारावर समजावून सांगायला तुम्ही उभे नसणार.

कोशवाला

'सनातन'बद्दल एक नोंद. हा शब्द कोणा एकाच्या मालकीचा नाही. बौद्धांच्या धम्मपदाच्या पाचव्या गाथेत 'एस धम्मो सनन्तनो' येतं. वैराने वैर शमत नाही, हा सनातन धर्म आहे, असं तिथे म्हटलंय. तेव्हा हिंदू धर्माच्या जागी सरळ 'सनातन धर्म' लिहावं असं कुणी सुचवणार असेल तर त्याआधी हे ध्यानात असावं.

आणि खरी गंमत लाल गोलातल्या तिसऱ्या शब्दात आहे. 'हिंदू' हे धर्माचं नाव नव्हतं, नदीचं होतं. आपल्या 'स'चा इराणी भाषांत 'ह' होतो. सोम तिथे हओम, असुर तिथे अहुर. ऋग्वेदातल्या सप्त सिंधू पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, 'हप्त हिंदु' होतात. इसवी सनपूर्व ५००च्या सुमारास इराणचा सम्राट दारयवहुश (डरायस) याच्या कोरीव लेखांत 'हिंदुश' येतो तो प्रांत म्हणून. ग्रीकांनी त्यातला 'ह' गाळला आणि 'इंदोस' केलं. म्हणजे हिंदू, हिंद आणि इंडिया ही एकाच नदीची नावं. माणसांच्या समूहाला उद्देशून आपल्याकडच्या माणसांनीच तो शब्द वापरलेला फार नंतर दिसतो. विजयनगरच्या राजांचं चौदाव्या शतकातलं बिरुद 'हिंदुरायसुरत्राण', आणि सोळाव्या शतकात आपल्या एकनाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद'. त्यापुढे 'इझम' लागला तो इंग्रजी अमदानीत. राममोहन रॉय यांच्या लिखाणात तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडतो.

म्हणजे ताई, तुमच्या दारावर जे आहे त्याचं नाव त्याच्या वयापेक्षा पुष्कळ लहान आहे. नावाचा उगम सांगता येतो. नाव ज्याला दिलं त्याचा उगम सांगणं हे वेगळं काम आहे.

आळंदीकर माउली

कोशवाले दादा, तुमचा 'हप्त' वाचला आणि बसल्या जागी लख्ख झालं. आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताह बसतो आणि त्याच आठवड्यात पतपेढीचा हप्ता भरायचा असतो. सप्ताह आणि हप्ता हे एकच का? एक आपल्या घरून आला आणि एक फारसीकडून?

कोशवाला

तेच. फारसीत हफ्त म्हणजे सात, हफ्ता म्हणजे सात दिवस. मराठीत येऊन तो पैशाकडे वळला आणि सप्ताह देवाकडे राहिला. सिंधू आणि हिंदू यांचं नातं नेमकं असंच आहे.

व्याकरणवेल्हाळ

मला इथे ऱ्हस्वदीर्घाचा मुद्दा मांडायचा आहे. मराठीत अंत्य उकार दीर्घ, म्हणून 'हिंदू', 'सिंधू'. पण समासात पूर्वपदी तत्सम शब्द मूळचा ऱ्हस्वच राहतो, म्हणून 'सिंधुदुर्ग'. मग 'हिंदू' तत्सम धरायचा की नाही? तत्सम असेल तर 'हिंदुधर्म' जोडून आणि ऱ्हस्व. नसेल तर 'हिंदू धर्म' तोडून आणि दीर्घ. अक्षरं पितळेची आहेत म्हणून विचारतो, नंतर वेलांटी-उकार बदलता येणार नाही.

जुना वाचक

तोडून, दीर्घ. शाळेच्या पाटीपासून सरकारी अर्जापर्यंत सगळीकडे तेच वाचतो आपण.

निवृत्त लिपिक

सरकारी अर्जाचा विषय निघाला म्हणून. मी विवाहनोंदणीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. लोक 'धर्म' या रकान्यापाशी अडायचे. लिंगायत म्हणून हिंदू लिहू की नको, प्रार्थना समाजाचे आहोत तर काय लिहू. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कलम दोन वाचून दाखवायचो. त्यात हिंदू म्हणजे काय ते सांगितलेलंच नाही, कायदा कोणाला लागू ते सांगितलंय. वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना, आर्य समाज यांना लागू. बौद्ध, जैन, शीख यांना लागू. आणि जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू नाही त्यालाही, काही अपवाद सोडून.

कायदा करणाऱ्यांनाही व्याख्या करता आली नाही. १९६६ साली स्वामिनारायण पंथाच्या खटल्यात सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी निकाल लिहिताना शेवटी आधार घेतला तो लोकमान्यांच्या श्लोकाचा: 'प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता। उपास्यानामनियम एतद्धर्मस्य लक्षणम्॥' वेदांना प्रमाण मानणं, साधनं अनेक असणं, उपास्य कोणतं याला नियम नसणं. माझ्या मते ताईंनी हा श्लोक दाराच्या आत लगेच लावावा.

शिरूरकर

पण मग आमची देवी त्या श्लोकात कुठे बसते?

माझं गाव इनामगावच्या शेजारचं, घोड नदीच्या काठचं. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८पासून १९८३पर्यंत उत्खनन केलं. माझे वडील तिथे खणायला जायचे. घरी आले की हातापायाची माती झटकत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी निघाली होती, वर झाकण. उघडली तर आत शिर नसलेल्या बाईची कच्च्या मातीची मूर्ती. जोडीला बैल, तोही मातीचा. बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक, मधून काडी घातली की बाई बैलावर नीट बसते. तीन हजार वर्षांहून जुनं. वडील दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवायचे, एवढीशी डबी म्हणून. जपून पुरली होती, फेकलेली नव्हती, हे ते दरवेळी सांगायचे.

आज आमच्या शिवारात बांधाला शेंदूर फासलेली देवी आहे. तिलाही नाकडोळे नाहीत. ती डबीतलीच आहे असं मी म्हणणार नाही, मधल्या तीन हजार वर्षांचा हिशेब कोणाकडे आहे? पण घरातली बाई पेरणीच्या आधी तिथे नारळ फोडते तेव्हा वेद प्रमाण आहेत का हे तिला कोणी विचारत नाही. 'उगम' लिहा नाहीतर आणखी काही, पण ती डबी त्या शब्दात मावली पाहिजे.

नदीकाठची

दादा, सहाव्या फलकावर इनामगाव आहे. तुमचा मजकूर वाचून त्यात 'जपून पुरलेली' हा शब्द घालते आहे. माझ्या मजकुरात 'आढळलेली' एवढंच होतं.

जुन्नरची

शिरूरकरांच्या डबीनंतर माझ्या नाणेघाटाची भिंत. लहानपणापासून कितीदा गेले असेन. लेण्यात शिरलं की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं आहेत, पाणी झिरपून पुष्कळ ठिकाणी खाऊन गेलेली. सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा, प्राकृतात. सुरुवातीला नमन आहे. आधी धर्माला, मग इंद्राला, मग संकर्षण-वासुदेवांना, चंद्रसूर्यांना आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. त्याखाली केलेल्या यज्ञांची यादी, अश्वमेध, राजसूय, आणि दक्षिणा किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी.

आता पाहा. अश्वमेध हा वैदिक यज्ञ. संकर्षण-वासुदेव म्हणजे बलराम आणि कृष्ण, भक्तीच्या वाटेचे देव. दोघेही एका राणीच्या एका लेखात, एकाच भिंतीवर, आणि तिला त्यात काही वेगळं वाटलेलं दिसत नाही. मला विचाराल तर 'उगम' एकवचनात लिहिला की ही भिंत खोटी पडते.

मुळामुठा

जुन्नरच्या ताई, एकदम पटलं. आपल्याकडे म्हण आहेच, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ पाहू नये. ताईंना दोन्ही एकदम पाहायला सांगितलंय.

पण मी 'उगम'च्या बाजूने आहे. भीमेचा उगम विचारा, भीमाशंकर सांगतील. देवळाजवळ कुंड दाखवतात, तिथून पाणी गुप्त होतं आणि जंगलात गुप्त भीमाशंकरला पुन्हा वर येतं. बरं, पंढरपुरात चंद्रभागा म्हणून जिच्यात बुडी मारतो तिच्यात नुसतं भीमाशंकरचं पाणी आहे का? आंबी आणि मोशी मुठेला मिळाल्या, पवना दापोडीला मुळेत आली, मुळा आणि मुठा संगम पुलापाशी एक झाल्या, मग मुळामुठा भीमेला मिळाली. तरी वारकरी म्हणतो चंद्रभागा, आणि उगम म्हणतो भीमाशंकर. मराठी माणसाला 'उगम' एकच बोलायची सवय आहे, पण पाणी एकच नसतं हेही त्याला ठाऊक असतं. अनेकवचन शब्दात घालायला नको, ते कळतं.

प्रभात रोड

मग 'मुळे' का नको? 'हिंदू धर्माची मुळे'. अनेकवचन आपोआप येतं.

व्याकरणवेल्हाळ

'मुळे' वाचताना लोक 'पावसामुळे'तलं 'मुळे' वाचतात. शिवाय 'पाळेमुळे' म्हटलं की पुढे 'खणून काढली' हेच येतं.

आळंदीकर माउली

आणि 'मूळ' म्हणजे बोलावणंसुद्धा. माझी आजी सासरी असताना पंचमी जवळ आली की वाटेकडे डोळे लावून बसायची. भावानं मूळ धाडलं म्हणजे माहेरी न्यायला माणूस पाठवला. येणारा तो मुराळी. संतांच्या वाणीतही देवाने मूळ पाठवावं अशी आळवणी येते. तेव्हा 'धर्माचं मूळ' म्हटलं की माझ्या कानाला धर्माने न्यायला माणूस पाठवला असंच ऐकू येतं.

नारायण पेठ

माउली, तसंच 'धर्म' या शब्दाचं. आमच्या वाड्याच्या दारात रोज हाक यायची, "धर्म कर माय". आई पोळी-भाजी द्यायची आणि आम्हांला म्हणायची, धर्म घालून आले. धर्मशाळा, धर्मादाय आयुक्त, दानधर्म, शेजारधर्म, अगदी रसायनशास्त्रातले गुणधर्म. या कशातही ज्याला इंग्रजीत रिलिजन म्हणतात तो नाही. ज्ञानेश्वरांच्या 'विश्व स्वधर्मसूर्यें पाहो'मध्येही तो नाही. धर्म म्हणजे धरून ठेवणारं आणि करायचं काम, असा अर्थ मराठीच्या हाडात आहे.

ही अडचण आजची नाही. कंदाहारला अशोकाचा ग्रीक आणि अरमाई भाषांतला लेख १९५८ साली सापडला. त्यात अशोकाच्या 'धम्म'साठी ग्रीक अनुवादकाने 'यूसेबेइया' लिहिलं, म्हणजे पूज्यभाव. अरमाई मजकुरात त्या जागी सत्य या अर्थाचा शब्द आला. शब्द एक, दगड एक, आणि दोन अनुवादकांच्या दोन वाटा. ताई, तेवीसशे वर्षांपूर्वीही तुमच्यासारखंच कुणीतरी छिन्नीवाल्यासमोर उभं होतं.

पाठशाळा

नारायण पेठ यांनी 'धर्म' अगदी योग्य सांगितला. मग माझा मुद्दा मान्य करा. धर्माचा जर करायचे काम असा अर्थ असेल तर त्याला उगम नाही आणि विकासही नाही. दाराला 'हिंदू परंपरा' एवढेच पुरे.

जुन्नरची

गुरुजी, 'परंपरा' म्हटलं की बदल दिसत नाही. एकापुढे एक, आधीचं तेच पुढे. नाणेघाटाच्या यादीत अश्वमेध आहे, आज कोण करतं? आणि तेव्हा विठोबा नव्हता, आज तो आहे. बदल सांगणारा शब्द हवाच.

सराफकट्टा

मग 'जडणघडण' घ्या. आमच्या दुकानात हे दोन वेगळे हात आहेत. घडण म्हणजे सोनं तापवून, ठोकून दागिना आकाराला आणणं, त्याची मजुरी ती घडणावळ. जडण म्हणजे तयार कोंदणात खडा बसवणं. खडा बाहेरून येतो, कधी गिऱ्हाइकाच्या आजीच्या मोडलेल्या कुड्यांतला असतो. कोंदणाची कड खड्यावर अलगद दाबून बसवतात. जोर जास्त झाला तर खडा तडकतो, कमी झाला तर महिन्याभरात निखळून पडतो. इंद्र, वासुदेव, शिरूरकरांची बांधावरची देवी, विठोबा, हे बसवलेले खडे आहेत असं मला इथलं सगळं वाचून वाटलं. 'हिंदू धर्माची जडणघडण', मोजून अकरा अक्षरं. पट्टीत मावेल.

शिरूरकर

दादा, शब्द चांगला आहे, पण देवी खडा कशी? ती आधीपासून तिथेच होती. कोंदण नंतर आलं.

सराफकट्टा

हे खरं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

जुना वाचक

घडण म्हटली की घडवणारा सोनार लागतो. इथे सोनार कोण? 'विकास'ला करणारा लागत नाही, कळी आपली आपण उमलते. मी अजूनही 'उगम आणि विकास'वरच आहे.

नदीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री पट्टी समोर ठेवून खडूने तिन्ही लिहून पाहिले, 'उगम आणि विकास', 'जडणघडण', 'परंपरा'. 'जडणघडण' वाचताना शिरूरकरांचा प्रश्न आठवतो आणि हात थांबतो. 'उगम आणि वाटचाल' असं केलं तर? 'वाटचाल'मध्ये सोनार नाही, विकसक नाही, आणि चालणारे अनेक असू शकतात. फक्त 'उगम'चा लाल गोल तसाच राहतो. सोमवार सकाळपर्यंत कुणी काही सुचवलं तर पाहीन.

मुळामुठा

'वाटचाल' संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत असते. तरी 'विकास'पेक्षा बरी.

कोल्हापूरकडची

आज उशिरा वाचलं. आळंदीकर माउली, तुमच्या मुराळीवरून विचारते. आमच्याकडे माझी पणजी 'मुऱ्हाळी' म्हणायची, ऱ्हकार स्पष्ट. आणि तो फक्त भाऊच असायचा, दुसऱ्या कुणाला तो शब्द लावायचे नाहीत. तुमच्याकडे चुलता किंवा गडी आला तरी मुराळीच का? आणि हा शब्द 'मूळ'वरूनच आलाय हे नक्की का?

आळंदीकर माउली

आजीच्या वेळी एकदा गडी आला होता बैलगाडी घेऊन. त्यालाही मुराळीच म्हणाली होती, पण डोळ्यांत पाणी होतं. 'मूळ'वरून आलाय असं मी लहानपणापासून धरून चाललोय. कोशवाले दादा, तुम्ही पाहून सांगता का?